हातातील कसबाला प्रमाणपत्राची जोड



दिग्रस तालुक्यात कपाशी, सोयाबीन आणि तूर ही खरिपाची मुख्य पिके. अरुणावती प्रकल्प, विहिरी आणि बोअर यांच्या पाण्यावर जेथे ओलिताची सोय आहे, तेथे गहू, हरभरा, भाजीपाला आणि फळबागाही घेतल्या जातात. ही शेती एकट्या शेतकऱ्याच्या बळावर चालत नाही. मोटार जळाली की वाईंडर लागतो. ठिबकचा संच बसवायला फिटर लागतो. ट्रॅक्टर, थ्रेशर बंद पडले की मेकॅनिक, वखराची पास लावायला लोहार, रोपवाटिकेत डोळे भरायला कलम बांधणारा आणि हंगामात पाठीवर पंप घेऊन फिरणारा फवारणी कामगार लागतो.

यांपैकी बहुतेकांनी आपले काम शाळेत शिकलेले नसते. कोणी वडिलांच्या हाताखाली शिकतो, कोणी उस्तादाच्या दुकानात पाने-पकड उचलत शिकतो. दहा-पंधरा वर्षे काम केल्यावर हात असा बसतो की, मोटारीच्या आवाजावरून बिघाड ओळखता येतो. मात्र “कोठे शिकलात, प्रमाणपत्र आहे का?” असे विचारले की, हाच कसबी माणूस अकुशल मजुरांच्या रांगेत जाऊन बसतो.

अनुभवाने आलेल्या कसबाची परीक्षा देऊन रीतसर प्रमाणपत्र मिळविण्याचे मार्ग आता उपलब्ध आहेत. ते कोणते, त्यासाठी तयारी कशी करावी आणि कोणत्या कागदाचा उपयोग कोठे होतो व कोठे होत नाही, याची माहिती प्रस्तुत लेखात दिली आहे.

कागद नसल्याने काय अडते?

गावात ओळखीवर काम मिळते, म्हणून कागदाची गरज भासत नाही. गरज भासते ती गावाबाहेर. यंत्र कंपनीच्या सेवा केंद्रात नोकरी हवी असेल, ठिबक संच विक्रेत्याकडे नेमणूक हवी असेल, शहरातील कारखान्यात जायचे असेल किंवा दुकान टाकण्यासाठी बँकेकडे कर्ज मागायचे असेल, तर समोरचा माणूस तुम्हाला ओळखत नसतो. त्याला तुमचा हात दिसत नाही, फक्त कागद दिसतो. कागद नसला की मजुरीचा दर अकुशल कामाचा लागतो.

ही अडचण एका तालुक्याची नाही. भारत सरकारच्या २०१५ च्या राष्ट्रीय कौशल्य विकास व उद्योजकता धोरणात नमूद केल्याप्रमाणे देशातील केवळ ४.६९ टक्के कामगारांनी रीतसर कौशल्य प्रशिक्षण घेतलेले होते. हेच प्रमाण जर्मनीत ७५ टक्के, जपानमध्ये ८० टक्के आणि दक्षिण कोरियात ९६ टक्के दिले आहे. याचा अर्थ आपल्याकडील उरलेल्या सर्वांना काम येत नाही, असा नव्हे. आपल्याकडे कसब आहे, परंतु ते मोजण्याची आणि नोंदविण्याची सोय कमी पडली.

जर्मनीत ही सोय कायद्यानेच केलेली आहे. एखाद्या व्यवसायाचे शिकाऊ प्रशिक्षण तीन वर्षांचे असेल, तर त्याच्या दीडपट म्हणजे साडेचार वर्षे ते काम केल्याचा पुरावा देणाऱ्यास शिकाऊ उमेदवारी न करताही अंतिम परीक्षेला बसता येते. परीक्षा मात्र इतरांचीच, त्यात सूट नाही. अनुभव परीक्षेचे दार उघडतो, प्रमाणपत्र परीक्षाच देते. आपल्याकडील पद्धतही याच तत्त्वावर उभी आहे, हे सुरुवातीलाच लक्षात घ्यावे.

पूर्वज्ञान मान्यता म्हणजे काय?

पूर्वी मिळविलेले ज्ञान व कसब तपासून त्याला मान्यता देण्याच्या पद्धतीस पूर्वज्ञान मान्यता म्हणतात. बोलीत तिला आरपीएल असेच म्हटले जाते. आपल्या देशात २००७ मध्ये सुरू झालेल्या कौशल्य विकास उपक्रमात काम करून शिकलेल्यांची थेट चाचणी घेण्याची सोय होती. डिसेंबर २०१३ मध्ये राष्ट्रीय कौशल्य पात्रता आराखडा अधिसूचित झाला. त्यानुसार प्रत्येक कामाला स्तर आणि निकष ठरवून देण्यात आले. जुलै २०१५ मध्ये प्रधानमंत्री कौशल्य विकास योजना सुरू झाली व आरपीएल हा तिचा एक भाग झाला. शेतीशी निगडित कामांचे निकष भारतीय कृषि कौशल्य परिषदेने तयार केले. ट्रॅक्टर चालक, सूक्ष्म सिंचन तंत्रज्ञ, माळी, मधमाशीपालक, दुग्धव्यावसायिक अशा कामांचा त्यांत समावेश आहे.

या पद्धतीत काम साधारणपणे पाच पायऱ्यांनी चालते.

१) नोंदणी : एकाच कामाचा अनुभव असलेल्या उमेदवारांचा गट तयार केला जातो. शिबिर, प्रशिक्षण केंद्र किंवा कामाची जागा, यांपैकी कोठेही हे होऊ शकते.

२) समुपदेशन व प्राथमिक पडताळणी : उमेदवाराला खरोखर अनुभव आहे का आणि त्याने कोणत्या कामासाठी परीक्षा द्यावी, हे ठरविले जाते.

३) ओळखवर्ग : योजनेच्या २०१६ ते २०२० या दुसऱ्या टप्प्यात हा वर्ग किमान १२ तासांचा होता. त्यात ६ तास व्यवसायाची माहिती, ४ तास बोलणे-वागणे व उद्योजकता आणि २ तास परीक्षेची ओळख, अशी विभागणी होती.

४) मूल्यमापन : बाहेरचा परीक्षक येतो, काम करून दाखवायला सांगतो आणि प्रश्न विचारतो.

५) प्रमाणपत्र : उत्तीर्ण झाल्यास कामाचे नाव व स्तर नमूद केलेले प्रमाणपत्र मिळते.

अनुभव आहे, तरी तयारी का करावी?

“वीस वर्षे हेच करतो, मला काय परीक्षा द्यायची?” असे अनेकांना वाटते. कसबी माणूस अनुत्तीर्ण होतो तो बहुधा हात कच्चा असल्यामुळे नव्हे. काम हाताला येते, परंतु त्यामागचे कारण सांगता येत नाही, माप घेतलेले नसते आणि सुरक्षिततेचे नियम पाळायची सवय नसते. परीक्षक नेमक्या याच तीन गोष्टी पाहतो. काही उदाहरणे पाहू.

मोटार दुरुस्ती : जळालेली मोटार वाईंडिंग करून चालू करणे अनुभवी कारागिराला सहज जमते. परंतु वाईंडिंग झाल्यावर मेगरने इन्सुलेशन का तपासावे, स्टार-डेल्टा स्टार्टर का वापरावा, हे विचारले तर उत्तर देता आले पाहिजे. स्टारमध्ये मोटार सुरू केल्यास सुरुवातीला ओढला जाणारा विद्युत प्रवाह थेट सुरू करण्याच्या तुलनेत सुमारे एक तृतीयांश राहतो, त्यामुळे मोटार व लाईन या दोहोंवर ताण कमी पडतो. तसेच हात लावण्यापूर्वी पुरवठा बंद करणे, तो बंद असल्याची टेस्टरने खात्री करणे आणि अर्थिंग तपासणे, ही कृती परीक्षकासमोर करून दाखवावी.

ठिबक संच : संच बसविणाऱ्यास पाणी सर्वत्र सारखे पडते की नाही, हे मोजून दाखविता आले पाहिजे. ताशी ४ लिटरच्या तोटीतून एका मिनिटात सुमारे ६७ मि.लि. पाणी पडावयास हवे. लॅटरलच्या सुरुवातीची, मधली आणि शेवटची तोटी यांखाली भांडे धरून एक मिनिट पाणी जमा करावे व मोजावे. शेवटी कमी पडत असेल तर गाळणी तुंबली आहे, दाब कमी आहे की लॅटरल जास्त लांब आहे, याचे निदान सांगावे.

संत्रा कलम : वरुड, शेंदूरजना घाट परिसरातील संत्रा रोपवाटिकांमध्ये डोळे भरणारे हात इतके सरावलेले असतात की, पाहणाऱ्याला काप दिसतही नाही. परंतु डोळा जमिनीपासून सुमारे २० ते २५ सें.मी. म्हणजे साधारण एक वीत उंचीवर का भरावा, हे सांगता आले पाहिजे. कलमाचा जोड मातीच्या व पाण्याच्या जवळ राहिल्यास फायटोफ्थोरा बुरशीमुळे होणारा डिंक्या रोग लागण्याचा धोका वाढतो. चाकू निर्जंतुक करण्याची सवयही परीक्षकाला दिसली पाहिजे.

फवारणी : हे उदाहरण आपल्या जिल्ह्यासाठी सर्वात महत्त्वाचे आहे. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशक फवारताना विषबाधा होऊन सुमारे वीस शेतकरी व शेतमजूर दगावले आणि शेकडोंना रुग्णालयात दाखल करावे लागले. या भागात कपाशीवरील फवारणी ही काही नवी गोष्ट नव्हती. दाट व उंच वाढलेले पीक, अनेक औषधांची एकत्र मिश्रणे आणि अंगावर संरक्षक कपडे नसणे, ही कारणे त्या वेळी पुढे आली. केवळ वर्षे मोजून कोणी कुशल ठरत नाही, हा धडा त्या हंगामाने फार महाग किमतीत दिला. कृषि विषयक कामांच्या निकषांत सुरक्षिततेचा भाग असतो, तो यासाठीच.

फवारणी करणाऱ्याने पंपाचे माप काढायला शिकावे. १०० चौ. मीटर जागा मोजून घ्यावी. पंपात मोजून पाणी भरावे, नेहमीच्या चालीने तेवढी जागा फवारावी आणि किती पाणी लागले ते पाहावे. ५ लिटर लागले असल्यास हेक्टरी ५०० लिटर पाणी लागेल. औषधाची शिफारस हेक्टरी ५०० मि.लि. असेल, तर लिटरला १ मि.लि. म्हणजे १५ लिटरच्या पंपाला १५ मि.लि. औषध पुरेसे होते. झाकणाने अंदाजे ओतण्याची सवय सोडावी. डब्यावरील लाल, पिवळा, निळा व हिरवा त्रिकोण विषारीपणाचा उतरता क्रम दाखवितो, हे पाठ असावे. वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने फवारू नये, नोझल तोंडाने फुंकू नये, रिकामे डबे घरात वापरू नयेत. हातमोजे, मास्क, चष्मा व पूर्ण कपडे वापरावेत. परीक्षेसाठी केलेली ही तयारी प्रमाणपत्र मिळो वा न मिळो, जीव वाचविते.

पारंपरिक कारागिरांसाठी वेगळी योजना

लोहार, सुतार, कुंभार, गवंडी, चर्मकार, शिंपी, टोपल्या-झाडू विणणारे अशा १८ पारंपरिक व्यवसायांसाठी केंद्र शासनाने १७ सप्टेंबर २०२३ रोजी पी.एम. विश्वकर्मा योजना सुरू केली. तिचा कालावधी २०२३-२४ ते २०२७-२८ असा ठरविण्यात आला आहे. हाताने व अवजारांनी स्वतंत्रपणे व्यवसाय करणाऱ्या, वयाची १८ वर्षे पूर्ण केलेल्या कारागिराला अर्ज करता येतो. कुटुंबातील एकाच व्यक्तीला लाभ मिळतो आणि शासकीय नोकरीत असलेल्यांना व त्यांच्या कुटुंबियांना तो मिळत नाही.

नोंदणी नागरी सुविधा केंद्रावर म्हणजे सीएससीवर आधार पडताळणी करून होते. पहिली पडताळणी ग्रामपंचायत किंवा नगर परिषद करते. त्यानंतर जिल्हा समिती व शेवटी छाननी समिती अर्ज पाहते. मान्यता मिळाल्यावर विश्वकर्मा प्रमाणपत्र व ओळखपत्र दिले जाते. पुढे ५ ते ७ दिवसांचे मूलभूत प्रशिक्षण, त्या काळात दररोज ५०० रुपये विद्यावेतन, अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत साहाय्य आणि ५ टक्के व्याजाने पहिल्या टप्प्यात १ लाख व दुसऱ्या टप्प्यात २ लाख रुपयांपर्यंत विनातारण कर्ज, अशी तरतूद आहे. नोंदणी विनामूल्य आहे. “काम करून देतो” म्हणून पैसे मागणाऱ्या मध्यस्थाच्या नादी लागू नये.

आय.टी.आय. आणि जिनिंगचे प्रशिक्षण

गॅरेज, वर्कशॉप किंवा कारखान्यात काही वर्षे काम केलेल्यांनी औद्योगिक प्रशिक्षण संस्थेच्या अखिल भारतीय व्यवसाय परीक्षेस खाजगी उमेदवार म्हणून बसता येईल का, याची जवळच्या शासकीय आय.टी.आय.मध्ये चौकशी करावी. ट्रॅक्टर मेकॅनिक, वायरमन, वीजतंत्री, फिटर, सांधाता असे व्यवसाय तेथे शिकविले जातात. अनुभवाची वर्षे, वय व शिक्षण यांच्या अटी व्यवसायानुसार पाहाव्या लागतात. ही परीक्षा आरपीएलपेक्षा कठीण असते, पण तिच्या प्रमाणपत्राचे वजनही तितकेच जास्त असते.

कापसाच्या पट्ट्यातील जिनिंग फिटरसाठी नागपूर येथे केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेचे जिनिंग प्रशिक्षण केंद्र आहे. रोलरची जोडणी, सुरीचे अंतर व यंत्राची निगा यांचे प्रशिक्षण तेथे दिले जाते. जिनिंगमध्ये हंगामी काम करणाऱ्या तरुणांनी या केंद्राची माहिती जरूर घ्यावी.

कोणता कागद कोठे चालत नाही?

अनेकांचा हिरमोड येथेच होतो, म्हणून पुढील बाबी नीट समजून घ्याव्यात.

१) आरपीएलचे प्रमाणपत्र हे आय.टी.आय.चे प्रमाणपत्र नव्हे. एखाद्या भरतीच्या जाहिरातीत आय.टी.आय. उत्तीर्ण अशी अट असेल, तर आरपीएलच्या प्रमाणपत्रावर विसंबून अर्ज करू नये. अगोदर विचारून घ्यावे.

२) प्रमाणपत्र म्हणजे परवाना नव्हे. घर, गोठा किंवा विहिरीवरील वीज जोडणीची कामे परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडून व सक्षमता प्रमाणपत्रधारकाच्या देखरेखीखाली होणे कायद्याने आवश्यक आहे. वाईंडर म्हणून प्रमाणपत्र मिळाले तरी खांबावर चढण्याचा अधिकार मिळत नाही.

३) कीटकनाशके विकण्याच्या परवान्यासाठी केवळ दुकानातील अनुभव पुरत नाही, विहित शैक्षणिक पात्रता लागते. कृषि निविष्ठा विक्रेत्यांसाठी हैदराबादच्या मॅनेज संस्थेने २००३ मध्ये देसी हा ४८ आठवड्यांचा पदविका अभ्यासक्रम सुरू केला. आठवड्यातून एक दिवस वर्ग असल्याने दुकान सांभाळून तो करता येतो.

४) शेतातील ड्रोन चालविण्यासाठी २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार मान्यताप्राप्त संस्थेतून प्रशिक्षण घ्यावे लागते. फवारणी पंपाचा अनुभव तेथे परवान्याच्या जागी चालत नाही.

अर्जापूर्वीची तयारी

● आधार कार्ड, बँक पासबुक व शाळा सोडल्याचा दाखला यांवरील नाव व जन्मतारीख एकसारखी असावी. फरक असल्यास तो आधी दुरुस्त करून घ्यावा. आधारला चालू मोबाईल क्रमांक जोडलेला असावा.

● अनुभवाचा पुरावा आजपासून जमा करावा. एका वहीत तारीख, गाव, केलेले काम व घेतलेली मजुरी लिहावी. सुट्या भागांची बिले जपून ठेवावीत. कामाआधीचे व नंतरचे छायाचित्र काढावे.

● ज्यांच्याकडे काम केले त्यांच्याकडून चार ओळींचे पत्र घ्यावे. त्यात किती वर्षे व कोणते काम केले, हे स्पष्ट असावे. खोटी वर्षे लिहून घेऊ नयेत, परीक्षकाच्या दोन प्रश्नांत ती उघडी पडतात.

● ज्या कामाची परीक्षा द्यायची त्याचे निकष मागून घ्यावेत व वाचावेत. वाचता येत नसल्यास घरातील शिकलेल्या मुलामुलींकडून वाचून घ्यावेत.

● प्रशिक्षण देणारी संस्था शासनमान्य आहे का, तुकडी सध्या सुरू आहे का आणि शुल्क आहे का, याची खात्री करून घ्यावी. योजनांचे टप्पे बदलतात, त्यानुसार अटी व रकमाही बदलतात. दुसऱ्या टप्प्यात उत्तीर्ण उमेदवारांस ५०० रुपये मिळत, म्हणून आजही मिळतीलच, असे गृहीत धरू नये.

● चौकशीसाठी यवतमाळ येथील जिल्हा कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्र, शासकीय आय.टी.आय., कृषि विज्ञान केंद्र किंवा तालुका कृषि अधिकारी कार्यालयाशी संपर्क साधावा. शासनाच्या स्किल इंडिया डिजिटल हबवरही नोंदणी व अभ्यासक्रमांची माहिती मिळते.

शेतकऱ्यांनी काय करावे?

हा विषय कारागिरांचा आहे, आपला नाही, असे समजू नये. एक तर अनेक शेतकऱ्यांच्या घरातील धाकटा भाऊ किंवा मुलगा शेतीबरोबर असे एखादे काम करीतच असतो. कोरडवाहू शेतीत एक पाऊस चुकला तर त्याच कामाच्या पैशावर घर चालते. अशा तरुणाला हंगाम संपल्यावर, फेब्रुवारी ते मे या मोकळ्या दिवसांत परीक्षेसाठी पाठवावे.

दुसरे असे की, कारागिराच्या अनुभवाचे खरे साक्षीदार आपणच आहोत. त्याने मागितल्यास कामाचे पत्र द्यावे, लहानसहान कामाचीही पावती घ्यावी व द्यावी. एकाच कामाचे वीस-पंचवीस कारागीर आसपासच्या गावांतून एकत्र आले, तर तालुक्याच्या ठिकाणीच शिबिर घेण्याची मागणी करता येते. शेतकरी गट, उत्पादक कंपनी किंवा ग्रामपंचायतीने अशी यादी करून जिल्हा केंद्राकडे लेखी द्यावी. एकट्याच्या अर्जापेक्षा गटाच्या मागणीकडे लवकर लक्ष दिले जाते.

तिसरे, काम देताना विचारणा सुरू करावी. माप घेऊन औषध घालणारा, हातमोजे घालणारा फवारणी कामगार पंपामागे चार रुपये जास्त मागत असेल, तर ते द्यावेत. चांगल्या कामाला जास्त दर मिळतो, असे दिसले तरच कारागीर परीक्षेला बसण्याचे कष्ट घेईल.

प्रमाणपत्राने कसब येत नाही, ते हातातच असावे लागते. परंतु असलेले कसब अनोळखी माणसापुढे सिद्ध करायला कागद लागतो आणि तो मिळविण्यासाठी केलेल्या तयारीत कामातील धोकादायक सवयी सुटतात. येत्या उन्हाळ्यात आपल्या गावातील किमान एका कारागिराने तरी या परीक्षेची चौकशी करावी आणि त्याच्या वहीतील पहिली नोंद आजच करावी.